शेवटच्या हौदातले मासे

“या खेपेले रोहू नोको आनू. टिकत नाही तो. दुसरं काही पाय.”

पंपघराच्या भिंतीपलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी अलीकडे सावलीत बसून डबा खात होते. आवाज सुपरवायझरचा होता. आमच्या वॉटर पार्कमधल्या मोटारी, पाइप, पाण्याच्या टाक्या असं सगळं त्यांच्याकडे होतं, आणि आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. ते फोनवर बोलत होते. “हो, पुढच्या हप्त्यात पाह्यजे, शाळावाले येऊन राहिले,” एवढं म्हणून चपला फटकारत निघून गेले.

कॅन्टीनसाठी मासे मागवत असतील, असं वाटून मी पुढचा घास घेतला. मग आठवलं, आमचं कॅन्टीन शाकाहारी. तिथे साधं आम्लेट मिळत नाही. सहलीला येणाऱ्या शाळांना तसं आधीच कळवलेलं असतं. मग रोहू कशाला?

मी डबा बंद केला. कोणाला विचारलं नाही. न विचारता लक्षात ठेवायची मला सवय आहे.

ही सवय शाळेतली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा सरकारी नोकरीतल्या बाबांनी गोंदियाऐवजी भंडारा मागून घेतला, तो मला तिथल्या इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून. त्या शाळेत मुली आधी नाव विचारायच्या, मग आडनाव. आडनाव सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघायला शिकले. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. कधी कधी व्हायचं, आणि त्या कधी कधीसाठी मी कायम तयार असायचे. त्यामुळे माझं बोलणं कमी झालं आणि कोणी फार गोड वागलं की माझे कान टवकारायला लागले.

पार्क मोहाडी तालुक्यात होतं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, लहान मुलांची आगगाडी, सिमेंटचा एक डायनासोर. नागपूरहून शाळांच्या बस यायच्या, रविवारी भंडारा-तुमसरची कुटुंबं. माझ्या टेबलावर इंग्रजी पाटी होती. पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारी, असा तिचा अर्थ. एवढ्या मोठ्या पाटीमागे काम मात्र साधं होतं: माहितीपत्रकांचा इंग्रजी मजकूर लिहायचा आणि सहली आल्या की मुलांना पार्कचा ‘हिरवा’ भाग दाखवून आणायचा. नव्याने लावलेली झाडं, सुक्या पाल्याचं खत, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

पाणी दाखवताना मी पाठ केलेलं बोलायचे. तलावात वापरलेलं पाणी आम्ही फेकत नाही, ते एका हौदातून दुसऱ्या हौदात जातं, गाळलं जातं, त्यात हवा भरली जाते, आणि शेवटच्या हौदात बघा, मासे आहेत. मुलं कठड्यावर वाकायची. भाऊ मूठभर खाद्य टाकायचे. पाणी खदखदल्यासारखं व्हायचं, चंदेरी पाठी वर यायच्या आणि मुलं ओरडायची. कठड्यावर इंग्रजी बोर्ड होता. जिथे मासे जगतात तिथलं पाणी शुद्ध असतं, असा त्याचा मजकूर. वाक्य मॅनेजर सरांचं, मी फक्त त्याचं व्याकरण नीट केलं होतं.

हे सगळं फक्त शाळेच्या मुलांपुरतं असतं तर मी त्या रोहूचा एवढा विचार केला नसता. पण पार्कच्या मागच्या भिंतीपलीकडे माझ्या मामाचं गाव होतं.

भिंत, मग पडीक जमीन, मग बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव: एका बाजूला मातीची पाळ आणि पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. मामाच्या बांध्या पाळीला अगदी लागून. बोडीवर गावाची जनावरं पाणी प्यायची, बाया धुणं करायच्या, ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, सोसायटी त्यात मासळी सोडायची. आणि दर उन्हाळ्यात ती आटायची. त्या वर्षी तर मार्च संपायच्या आत मधला चिखल उघडा पडला होता.

पार्कने गावाला कळवलं होतं की आम्ही आमचं शुद्ध केलेलं पाणी पाइपने तुमच्या बोडीत सोडतो, फुकट, बारा महिने. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. मामा ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि ठरावाच्या बाजूचा होता. पाणी चांगलं असेल तर मामाच्या धानाचं कल्याण होतं. वाईट असेल तर सगळ्यात आधी त्याच्याच बांध्या जाणार होत्या, आणि मग दोषही गावभर त्याच्याच नावावर.

पंचायतीचे सदस्य पार्क बघायला आले होते तेव्हा मी तिथेच होते. जेवण झालं, टोप्या वाटल्या, आणि सर सगळ्यांना शेवटच्या हौदाकडे घेऊन गेले. भाऊंनी खाद्य टाकलं. चांगले हातभर रोहू उसळले. मामा वाकून बघत राहिला. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, “मासा जगून राहिला म्हंजे अजून काय पाह्यजे?”

त्यावर वाद घालायला जागाच नव्हती. मामाच्या गावात नवीन विहीर खणली की पहिल्यांदा तिच्यात मासा सोडतात. पंधरवडाभर कोणी त्या पाण्याला तोंड लावत नाही. मासा फिरताना दिसला की मग घागर बुडते. मामाच्या घरच्या विहिरीतही असा मासा होता. लहानपणी मी सुट्टीत गेले की आधी त्याला बघायला धावायचे. त्या गावच्या माणसाला मासा दाखवल्यावर सरकारी तपासणीचा कागद लागत नाही.

ही गोष्ट नागपूरच्या मॅनेजर सरांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. भाऊ मात्र आंधळगावकडचे, याच तालुक्यातले होते.

त्या दिवशी डब्याच्या वेळी भाऊंचं बोलणं ऐकल्यापासून मी बघायला लागले. माझ्या खोलीच्या मागेच हवा भरणाऱ्या यंत्राची शेड होती. यंत्र चालू असलं की माझी खिडकी बारीक थरथरायची. हे इतके दिवस माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. आता लक्ष दिलं तर कळलं, खिडकी रोज थरथरत नाही. सहल यायची असली की सकाळपासून थरथरते, बस फाटकाबाहेर गेली की गप्प. एकदा वीज गेली असेल, एकदा दुरुस्ती असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण माझ्या टेबलावरचा पंखा तर फिरत होता.

मग घारी दिसल्या. मागच्या भिंतीवर सकाळी सकाळी घारी घिरट्या घालत होत्या आणि वाऱ्याबरोबर वास येत होता. मी भाऊंना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कुत्रं मेलं असन,” ते म्हणाले. “तुम्ही नोका जाऊ तिकडं, मॅडम. चुना टाकला आहे.”

मेलेल्या कुत्र्यासाठी इतक्या तत्परतेने चुना टाकणारे भाऊ नव्हते. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची कडी मोडली होती, ती ते अख्खा महिना ‘उद्या’ लावत होते.

त्यानंतरच्या सहलीत मी मुलांच्या आधी कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाद्य पडलं, पाणी हललं, मुलं ओरडली. पण चंदेरी काही दिसलं नाही. काळपट, गुळगुळीत पाठी एकदम वर येत होत्या आणि खाली जात होत्या. खाद्य संपल्यावरही त्या अधूनमधून वर येत होत्या, तोंड उघडून वरची हवा घेत होत्या. तोंडाला मिशा होत्या.

मांगूर.

हा मासा मला पुस्तकातून माहीत नाही, मोरीतून माहीत आहे. बाबा संध्याकाळी कारध्याच्या पुलाकडे फिरायला गेले की कधी कधी जिवंत मांगूर घेऊन यायचे. आई ते बादलीत टाकायची, वर ताट आणि ताटावर वरवंटा, कारण मांगूर उडी मारून पळतो. बादलीत ओंजळभर पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी आई रस्सा करायला बसायची तेव्हाही तो तसाच वळवळत असायचा. तलाव आटला की चिखलात घुसून राहतो, नालीच्या पाण्यात जगतो, पाण्यात दम राहिला नाही तर वर येऊन हवा खातो. मांगूर जगला याचा अर्थ मांगूर जगला, एवढाच. पाण्याबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. रोहूचं तसं नाही. रोहूला पाणी लागतं.

मी मुलांना म्हटलं, “सी, फिश!” आणि पुढे चालायला लागले. बस गेल्यावर भाऊंना गाठलं.

“भाऊ, मासे बदलले का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. “काहून? तुमाले वळखू आले का?”

“नाही, काळे दिसले म्हणून.”

“उन्हानं काळे पडले, मॅडम. आमीबी पडलो.” शेजारी पाइप गुंडाळत बसलेले दोघं फिस्सकन हसले. “तुमाले तं इंग्रजीत लिवा लागते ना? मंग? रोहू काय अन् मांगूर काय, इंग्रजीत फिश म्हंजे फिश.”

मी मांगूर हा शब्द उच्चारलाच नव्हता. तो त्यांनी उच्चारला. पण त्यांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याचं काही दिसेना. उलट, तुला कळलं हे मला कळलं, असं काहीतरी होतं. मला वाटलं, आता हे सरांना सांगतील.

सांगितलं की नाही ते मला आजही माहीत नाही. पण त्याच आठवड्यात सरांनी बोलावलं. ते नेहमीसारखेच गोड होते. “बेटा, एक मे को ग्रामसभा है. आप भी चलोगी. अपना ही गाँव है, लोग आपको पहचानते हैं. दो शब्द बोल देना.”

मी मान हलवली आणि बाहेर आले. आणि मग मला माझी मुलाखत आठवली. माझे मार्क, माझं इंग्रजी, यातलं सरांनी काहीच विचारलं नव्हतं. चहा मागवला होता आणि विचारलं होतं, ननिहाल कहाँ है, म्हणजे आजोळ कुठलं? मामा क्या करते हैं? तेव्हा मला ती आपुलकी वाटली होती. म्हणजे वाटली असं मी मानून घेतलं होतं. कान तेव्हाही टवकारले होतेच. पण घरी पेढे आले होते, बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, आणि मला नोकरी हवी होती.

आता मी एकेक गोष्ट उलटसुलट करून बघत होते. मला खरंच कामासाठी घेतलं की मामासाठी? सहलीला ठरल्यापेक्षा दोन मिनिटंही जास्त फुकट न देणारं हे पार्क बारा महिने पाणी कसं देतं? की त्यांनाच ते पाणी घालवायला जागा नाही? हौदाच्या मागे पाणी भरून घेणारे टँकर उभे राहायचे, ते कुठे जायचे? आणि भाऊंनी मांगूर आणले ते मलाच कळलं, की बाकी सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं? आईला फोनवर यातलं थोडं सांगितलं. ती म्हणाली, “तू लहानपणापासून अशीच. वरणात पण काहीतरी शोधत राहते.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला माझ्यावरही धड विश्वास ठेवता येईना.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी मी मामाकडे गेले. अंगणात मामी शेजारणीशी बोलत बसली होती. मला पाहून शेजारीण उठली, पदर सारखा केला आणि “येतो व,” म्हणून निघून गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“कायले गेल्या त्या?” मी विचारलं.

“जाऊ दे,” मामी म्हणाली. “तोंड आहे तं बोलतेत लोकं.”

“काय बोलतात?”

मामीने तांदूळ निवडत निवडत सांगितलं, “का तुले नोकरी लागली म्हनून तुया मामा पार्कच्या बाजूनं हाय. आमी काय तुले लावाले गेलो होतो? तुयं तुले शिक्षण नाही का?”

मामा आत हातपाय धूत होता. बाहेर आला, “जय भीम, बाई, कधी आली?” म्हणाला आणि खाटेवर बसला. त्याचा चेहरा आनंदी होता. या वर्षी परे लवकर टाकता येतील, असं तो सांगायला लागला. परे म्हणजे धानाची रोपं. बोडीत पाणी असलं तर पावसाची वाट न बघता ती तयार करता येतात. “पाळीखालच्या दोन बांध्या तं मी नांगरूनबी ठेवल्या. पानी आलं का बस.”

मी बोलायला तोंड उघडलं. “मामा, ते हौदातले मासे...”

“हो ना!” तो म्हणाला. “म्या सगळ्यायले सांगतलं. म्हटलं, डोयानं पायलं म्या. हातभर रोहू.”

डोळ्यांनी पाहिलं, हे खरंच होतं. त्या दिवशी रोहूच होते. ते किती दिवस टिकले आणि कधी चुन्याखाली गेले, हे त्याने पाहिलं नव्हतं, आणि मीही पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ काय होतं? भिंतीपलीकडून ऐकलेलं एक वाक्य, एक थरथरणारी खिडकी, घारी आणि मिशा. एवढ्यावर मी त्याच्या नांगरलेल्या बांध्यांसमोर काय सांगणार? मामीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सकाळी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात मांडवाखाली सभा बसली. पुढे सरपंच आणि ग्रामसेवक, बाजूच्या खुर्च्यांवर आमचे सर आणि भाऊ. मी बायकांच्या मागे, खांबाला टेकून. पलीकडे ढिवर मोहल्ल्यातल्या बाया एकत्र बसल्या होत्या. सरांनी हिंदीत भाषण केलं. मग मोबाईल फिरवायला दिला. त्यात हौदाचं चित्रीकरण होतं: खाद्य पडतंय, चंदेरी पाठी उसळताहेत. मी ओळखलं, ते सदस्य आले त्या दिवसाचंच होतं.

मोबाईल मांडवभर फिरला. माना डोलल्या. ग्रामसेवकाने ठराव वाचायला घेतला. तेवढ्यात ढिवर बायांमधून एक म्हातारी म्हणाली, “मोबाईलातला मासा दाखवता, बाप्पा. आमाले पार्कात नेलं का कोनी? जेवाले तं मेंबरायलेच नेलं.”

हशा पिकला. मागून एक माणूस ओरडला, “मेंबरची भाची तिथं साहेबीन हाय. मामाच्या बांधीत पानी, भाचीले पगार! आपल्याले काय, घंटा?”

पुन्हा हशा, या वेळी जास्त मोठा. मामा उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “कोन बोलून राहिला? समोर येऊन बोल!” कोणी आलं नाही. मामा मांडवभर बघत राहिला आणि मग त्याची नजर खांबापाशी आली. “माया भाचीचं नाव घेता ना? हे बसली भाची. रोज ते पानी पायते. तिलेच विचारा. ते म्हनन तसं करू. तिनं नाही म्हटलं तं मी ह्या ठरावाले हात वर करत नाही, जा!”

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मामा मला रागावलेला दिसत होता, पण त्याहून जास्त, निर्धास्त दिसत होता. मी काय म्हणणार याची त्याला खात्री होती. सर हसून म्हणाले, “बताओ बेटा, शरमाना नहीं.” भाऊ मात्र हसले नाहीत. ते पायांकडे बघत होते, आणि माझा संशय खरा आहे हे मला तेवढ्यावरून कळलं.

मी खांब धरून उठले. काहीतरी बोलले, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

“जोरानं बोल व माय,” ढिवर म्हातारी म्हणाली. “इंग्रजी नोको, आमाले समजन असं बोल.”

मी मामाकडे बघितलं. बाकी कोणाकडे बघितलं असतं तर बोलताच आलं नसतं.

“मामा,” मी म्हटलं, “तुमी पायले ते रोहू मेले. आता तिथं मांगूर सोडले हायेत. हे पानी बोडीत घेऊ नोका.”